पिल्लू आणि पाण्याची वाटी

सांगलीच्या गणपती पेठेतील व्यापाऱ्यांना मांजर नवे नाही. धान्याची पोती आली की उंदीर येतात आणि उंदरांमागे मांजर येते; पण ते कोणाचेच नसते, हात लावू देत नाही. अशाच एका रानभर झालेल्या मांजरीचे दीड महिन्याचे पिल्लू गेल्या एप्रिलमध्ये साताऱ्यास माझ्या कन्येच्या परसातील लाकडांच्या ढिगात एकटे राहिले. मी तेव्हा सांगलीहून तेथे गेलो होतो. दोन दिवस त्याची आई फिरकली नाही.

शेजारच्या काकूंनी लगेच बशीभर दूध आणले. हेतू प्रेमाचाच, परंतु अंगावरचे पिणे सुटू लागले की मांजरीच्या पिल्लांना दुधातील साखर नीट पचत नाही. गाईच्या दुधाने जुलाब लागतात आणि अंगातील उरलेसुरले पाणीही जाते. पशुवैद्यांनी पिल्लाच्या खांद्यावरील कातडी चिमटीत धरून सोडली, ती सावकाश खाली बसली. हिरड्याही चिकट लागल्या. पाणी कमी पडल्याच्या या खुणा. त्यांनी कातडीखाली सलाइन दिले आणि घरी तोंडात बळेच पाणी ओतण्यास मनाई केली, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते.

अंगणातील अडगळीच्या खोलीत आम्ही पुठ्ठ्याचे खोके आडवे ठेवून आत जुने लुगडे अंथरले. भेदरलेले पिल्लू तहानले तरी उघड्यावर येत नाही. म्हणून आधी आडोसा, मग पाणी. उथळ, पसरट वाटी अन्नापासून आणि मातीच्या घमेल्यापासून दूर ठेवली. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले, बरेचसे पाणी भक्ष्यातूनच मिळवणारे. त्यामुळे या जातीला तहान कमीच लागते. किलोमागे दिवसाला साधारण 50 मिलिलिटर पाणी लागते, अन्नातले धरून. आमचे पिल्लू जेमतेम 600 ग्रॅमचे होते.

बँकेतील सवय सुटत नाही. मी वाटीतले पाणी मोजून ठेवी. उन्हाने आटणारे पाणी वजा करण्यासाठी तशीच दुसरी वाटी पिल्लाच्या आवाक्याबाहेर ठेवली. दोहोंतील फरक ती त्याची खरी उचल. पहिले दोन दिवस फरक शून्य. तिसऱ्या रात्री 8 मिलिलिटर! पहाटे हे सांगण्यासाठी मी साऱ्या घराला उठवले, ते कोणाला फारसे रुचले नाही.

अन्नाचा प्रश्न याहून अवघड होता. मांजर दूधभातावर जगत नाही; त्याला लागणारे टॉरिन मांसातूनच मिळते. विहीणबाईंनी श्रावकाचारातील ‘असतीपोषणा’ची आठवण दिली. तो निषेध प्राणी पाळून त्यांवर उपजीविका करण्याचा आहे, असे मी म्हणालो. “तसे असेल, पण मांसाचा डबा आपल्या हाताने उघडायचा का?” यावर मजजवळ उत्तर नव्हते. तोड काकूंनीच काढली. त्यांच्याकडे मांसाहार चालतो. ओले अन्न कोमट पाण्यात कालवून त्या आपल्या घरून आणू लागल्या. पाणी आमचे.

मी खोलीत नुसता वर्तमानपत्र वाचत बसे, त्याच्याकडे पाहतही नसे. नवव्या दिवशी ते माझ्या पायाशी येऊन झोपले. थोडे मोठे झाल्यावर माणसाळणे फार कठीण गेले असते.

आता ते जेवायला काकूंकडे जाते आणि पाण्याला आमच्याकडे येते. पावसाळा लागल्यापासून त्याला पागोळ्यांखालच्या बादलीतले पाणी अधिक आवडते. विहीणबाई हल्ली तेच पाणी दुपदरी फडक्यातून गाळून त्याच्या वाटीत ठेवतात.