नालवाडीची शांतता आणि कानांतला नाद

वर्धा शहराला लागून असलेल्या नालवाडीत आपण येता, तेव्हा मनात प्रथम विनोबांचे स्मरण जागे होते. १९३२ च्या अखेरीस ते येथे राहावयास आले. सूतकताईच्या मिळकतीवर निर्वाह करण्याचा प्रयोग त्यांनी येथेच केला. प्रकृती खालावल्यावर १९३८ मध्ये ते धाम नदीकाठी पवनारला गेले.

पाऊस सरल्यावर या परिसरात फिरावे. शेतांत कापसाची बोंडे फुटू लागतात, रस्त्याच्या कडेला गाजरगवत पांढरे होते, वाऱ्यात परागकण आणि धूळ मिसळते. याच दिवसांत कित्येक वृद्धांना शिंका येतात, नाक चोंदते आणि रात्री निजानीज झाली की कानांतली गुणगुण वाढल्यासारखी वाटते.

नाक आणि कान यांचा हा संबंध खरा आहे. नाकाच्या मागील भागातून मध्यकर्णाकडे एक बारीक नळी जाते. अॅलर्जीने तिच्या तोंडाशी सूज आली की मध्यकर्णातील हवेचा दाब बिघडतो, कधी तेथे पाणी साचते. बाहेरचे आवाज मंदावतात आणि आतला नाद ठळक होतो. मात्र उतारवयात कर्णनादाचे मूळ बहुधा वयोमानाने घटलेल्या श्रवणशक्तीत असते. अॅलर्जी त्यात केवळ भर घालते. म्हणून ‘सर्दीमुळेच आहे’ असे म्हणून श्रवणचाचणी टाळू नये.

सेवा करणाऱ्यांनी एक पथ्य अवश्य पाळावे. सर्दीच्या, झोप आणणाऱ्या जुन्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नयेत. त्यांनी वृद्धांचा तोल जातो, भ्रम होतो, लघवी अडते. नाक मोकळे करणारे थेंबही दीर्घकाळ वापरल्यास नाक अधिकच चोंदते. कानात तेल घालू नये. बाहेरून आल्यावर चेहरा धुवावा, केर काढण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे, निजताना पंख्याचा किंवा रेडिओचा मंद आवाज असू द्यावा.

नाद एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर ऐकू येत असेल किंवा भोवळ येत असेल, तर डॉक्टरांना लवकर दाखवावे. ऐकू येणे अचानक कमी झाले, तर त्याच दिवशी कानाचे डॉक्टर गाठावेत. उपचाराची संधी थोड्याच दिवसांची असते. चेहरा वाकडा झाला किंवा बोलणे अडखळले, तर क्षणाचाही विलंब नको. नालवाडीकरांना सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय जवळच आहे. ऋतू पालटेपर्यंत वाट पाहण्यात ही संधी दवडू नये.