वाटी बसेना...

परवा वडिलांच्या सायकलीचं काम काढलं. सायकल रॅले, नॉटिंगहॅमची. वडिलांनी 1952 साली पुण्याहून जुनीच विकत आणलेली. ते पोस्टात होते. पारनेरच्या आसपासच्या गावांत याच सायकलीवरून टपाल घेऊन जायचे. आता ती नातवाला हवी आहे. पण पायडल मारलं की मधून कट्-कट् आवाज यायचा.

मंडळी, दोन्ही पायडलांचे दांडे ज्या एक्सलवर बसतात, तो एक्सल फ्रेमच्या तळाशी एका आडव्या नळीत फिरतो. नळीच्या दोन्ही तोंडांना आट्यांची एकेक वाटी आणि प्रत्येक वाटीत 11 छर्रे, दोन सुती. दुकानदार या सगळ्याला 'बीबी' म्हणतात. आमची डावी वाटी आतून खड्डे पडून गेली होती. उजवी चांगली होती. तिचे आटे उलटे असतात, पायडल मारता मारता ती सुटू नये म्हणून.

नगरहून नवी वाटी आणली. दिसायला अगदी तशीच. हाताने दोन आटे फिरली आणि अडकली.

"पान्याला पाइप घाल आणि आवळ. बसेल!" मी म्हटलं.

मिस्तरी माझा जुना विद्यार्थी. म्हणाला, "नको सर. वाटी दुसरी मिळेल, पण फ्रेमचे आटे गेले तर ही फ्रेम कुठून आणायची?"

त्याने फुटपट्टी काढली, दोन्ही वाट्या शेजारी ठेवल्या आणि आटे मोजले. अर्ध्या इंचात नवीवर 12, जुनीवर 13. मग आट्याला आटे लावून उजेडाकडे धरले. मधून फट स्पष्ट दिसत होती. इतर इंग्रजी बनावटीत इंचाला 24 आटे असायचे, रॅलेने स्वतःचे 26 ठेवले होते. व्यासात मात्र फरक जेमतेम पाच हजारांश इंच. म्हणून तर ती आधी फसवून आत शिरते.

आठ दिवसांनी भंगारातून त्याने रॅलेची एक जुनी वाटी शोधून आणली. शेवटच्या आट्यापर्यंत नुसत्या हाताने गेली. पाना फक्त शेवटी लागला.

पैसे घेताना तो हसून म्हणाला, "सर, हिचा व्यास एक पूर्णांक तीन छेद आठ इंच. आता येतात बरं का अपूर्णांक!"

मला हसू आलं नाही. सहावीत हा अपूर्णांकात कच्चा होता आणि मी फुटपट्टी मोजायला नाही, त्याच्या तळहातावर वापरली होती. न बसणारी गोष्ट जोर लावून बसवायची, हे माझं तेव्हाही होतं आणि परवाही. त्याने मात्र दोन आट्यांवर हात थांबवला. हे त्याला कोणी शिकवलं असेल? मी तर नाही.

असो. तुमच्याकडे जुनी रॅले असेल तर दुकानात जाताना जुनी वाटी खिशात घालून न्या. आट्याला आटे लावून बघा, मगच पैसे काढा.