शाळेच्या छतातल्या पाकोळ्या : फवारणी करायच्या आधी एवढं वाचा

वाडीच्या ग्रुपवर दोन दिवस एकच विषय चाललाय. वर्गात उग्र वास येतो, बाकांवर लेंड्या पडतात, पालक धास्तावलेत. तक्रार खरी आहे. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत छत मोकळं झालंच पाहिजे. पण सगळी भोकं सिमेंटने बुजवून आत औषध फवारायचं जे ठरतंय, त्याला माझा विरोध आहे.

हे दिवस पिल्लांचे असू शकतात. पाकोळी एका खेपेला एक किंवा दोनच पिल्लं घालते, आणि संध्याकाळी किडे टिपायला जाताना ती आत ठेवून जाते. तेव्हा भोक बुजवलं की आया बाहेर, पिल्लं आत. ती मरणार, कौलाखाली कुजणार, आणि आजचा वास बरा होता म्हणायची वेळ येणार. फवाऱ्याने मोठ्याही सगळ्या बाहेर जात नाहीत. अर्धमेल्या होऊन वर्गात पडतात. सकाळी त्या हाताने उचलणार कोण? पोरंच! डांबरगोळ्यांचं म्हणाल, तर पाकोळ्या हटतील इतक्या टाकल्या तर त्या खोलीत मुलांना बसवता येणार नाही.

मग करायचं काय? आधी दिवसा बॅटरी घेऊन माळ्यावर बघायचं. उघडी, लालसर पिल्लं दिसली तर महिना-दीड महिना थांबायचं, ती उडायला लागेपर्यंत. (आज मेची सुरुवात आहे, म्हणूनच घाई करतोय.) नसतील तर दिवेलागणीला चार बाजूंना चार माणसं बसवायची आणि कुठून बाहेर पडतात ते टिपून ठेवायचं. करंगळी जाईल एवढी फट त्यांना पुरते. वापरातली एक-दोन भोकं सोडून बाकी सगळं बंद करायचं. त्या भोकांवर शेडनेटचा तुकडा लावायचा : वरून आणि बाजूंनी पक्का, खालून हातभर मोकळा लोंबता. पाकोळी आतून सरपटत खाली येते आणि उडून जाते. परतताना मात्र थेट भोकावर येऊन धडकते, खालून शिरायचं तिला सुचत नाही. आठवडाभर जाळी ठेवायची, रात्री काही निघत नाही याची खात्री करायची, मग भोक बुजवायचं. खर्च जाळीचा आणि सिमेंटचा.

पूर्वी पावसाळ्याआधी नळ्याची कौलं परतली जायची, तेव्हा प्रत्येक फट दरवर्षी नजरेखालून जायची. आता छताकडे बघतं कोण?

राहिला आजाराचा प्रश्न. 2018 मध्ये कोझिकोडला निपाह आला तो फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांशी जोडला गेला. आपल्या छतातली ही अंगठ्याएवढी पाकोळी किडे आणि डास खाते. म्हणून ती हातात घ्यावी असं मुळीच नाही. चावली तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जायचं. लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत, कारण त्या धुळीतून बुरशी छातीत जाऊ शकते. आधी पाणी शिंपडायचं, नाकाला मास्क, हातात मोजे. आणि चुकून एखादी वर्गात शिरलीच, तर पंखा बंद, दिवा बंद, खिडक्या उघड्या. झाडूने मारायला धावू नये, ती आपली आपण जाते.

वन्यजीव कायद्यात फळं खाणारी वटवाघळं उंदीर-कावळ्यांबरोबर 'उपद्रवी' म्हणून नोंदलेली होती. ती यादीच 2022 च्या दुरुस्तीने गेली. सांगायचं कारण, ग्रुपवर एकाने 'मारायला कायद्याने मोकळीक आहे' असं ठोकून दिलंय.

शनिवारी संध्याकाळी साडेसहाला शाळेच्या मागच्या अंगाला जमू. माझ्याकडे शेडनेटचा जुना तुकडा आहे. मोठी शिडी कुणाची मिळेल ते खाली लिहा, आणि येताना बॅटरी चार्ज करून आणा.