मायनरच्या पोटातला मेजर

गिटार शिकू लागलो तेव्हा माझी एक ठाम समजूत होती. करुण वाजवायचे तर करुण स्वरच पुन्हा पुन्हा आळवायचे. साथीला ए मायनर वाजत असला की त्याच्याच तीन स्वरांवर मी वरखाली करीत राही. ध्वनिमुद्रण ऐकले की वाटे, हा माणूस शिडी चढतो आहे, उतरतो आहे, दमतो आहे. पोचत मात्र कुठेच नाही.

माझे वडील झाडीपट्टी रंगभूमीवर ऑर्गन वाजवीत. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या धानाच्या मुलखात दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा, म्हणजे कागदोपत्री देसाईगंज, हे त्याचे केंद्र. रात्री उघडलेला पडदा पहाटे पडतो. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्या जगाने या रंगभूमीकडे जरा वळून पाहिले. मला मात्र चंद्रपूरला शिकत असताना तिची लाज वाटे. मायबाया पदराने डोळे पुसत असतानाच विनोदी नट मंचावर येतो आणि सारा मांडव हसू लागतो, हे मला अडाणीपणाचे वाटे.

पुढे आर्पेजिओंचे थर रचणे शिकलो. कॉर्डचे स्वर एकदम न वाजवता एकामागून एक सोडणे म्हणजे आर्पेजिओ. साथीची कॉर्ड तीच ठेवायची आणि सोलोत तिच्यावर दुसऱ्या कॉर्डचे आर्पेजिओ चढवायचे. ए हा षड्ज मानला तर मूळ मायनर म्हणजे सा, कोमल ग, प. दुसरा थर कोमल ग, प, कोमल नि. तिसरा प, कोमल नि, रे. चौथा कोमल नि, रे, म. प्रत्येक थर आधीच्यातले दोन स्वर राखतो आणि एकच नवा पाहुणा घरात घेतो. म्हणून ऐकणाऱ्याला परके वाटत नाही. पाचव्या थरात धैवत येतो, तिथे जपावे लागते. काफीचा शुद्ध धैवत सहज सामावतो. आसावरीचा कोमल धैवत पंचमाला घासतो.

यातली गंमत उशिरा ध्यानात आली. दुसरा थर स्वतंत्र वाजवला तर तो चक्क सी मेजर आहे, आणि चौथा जी मेजर. म्हणजे दुःखाच्या सुरावटीत दोन प्रसन्न कॉर्ड आधीपासूनच बसलेल्या होत्या. त्या मायनरवर ठेवल्या की प्रसन्न राहत नाहीत; पण खालचे दुःख मात्र अधिक खोल होते. विनोदी नट रडणाऱ्या मांडवात का येतो, याचे उत्तर मला असे गिटारवर मिळाले.

सुटीत घरी गेलो तेव्हा वडिलांना हे वाजवून दाखवले. त्यांनी डोळे मिटून ऐकले. तिसऱ्या थरावर कपाळाला आठी पडली.

"चढताना रिषभ घेत नाही ना, बाबू!"

त्यांच्या कानांत भीमपलासी होता. त्याच्या आरोहात रे आणि ध वर्ज्य. मी तावातावाने सांगू लागलो की हा राग नव्हे, ही कॉर्डची रचना आहे. ते काही बोलले नाहीत. पेटी पुढे ओढली आणि मला म्हणाले, "तू फक्त तुझा मायनर धर."

मी धरला. ते कोमल ग, प, कोमल नि असे चढले, वरच्या षड्जावर क्षणभर टेकले आणि परतताना म, ग असे उतरून रे वर थांबले. षड्ज एका पावलावर होता. तो त्यांनी दिला नाही. तोच नववा स्वर, जो मी झपाट्याने ओलांडून जात होतो, त्यांच्या हाती दाराशी येऊन घुटमळला.

कोणते स्वर घ्यावेत हे थरांनी मला शिकवले होते. त्यांच्याकडे कुठल्या बाजूने जावे आणि कुठे थांबावे, हे त्या पेटीने. आता मी मायनरवर सोलो वाजवतो तेव्हा थर चढताना घाई करीत नाही आणि उतरताना रे वर थांबतो.

आम्ही दोघांनी एकत्र वाजवले ते तेवढेच. त्यांच्या एकाही नाटकाला साथीला बसण्याची बुद्धी मला वेळेवर झाली नाही.