सुटलेला झेल

परीक्षेच्या कामासाठी गेल्या पावसाळ्यात मुंबईस गेलो होतो. रविवार मोकळा मिळाला, म्हणून आझाद मैदान गाठले. आम्हां साताऱ्याकडच्या मंडळींना एका मैदानात एकच सामना ठाऊक. येथे खेळपट्ट्या २२! एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्यातल्याला पाठ लावून उभा. कोणता चेंडू आपला, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक! भर पावसाळ्यात क्रिकेट खेळण्याची ही हौस मुंबईकरांची जुनीच. डॉ. कांगा यांच्या नावाची स्पर्धा १९४८ पासून याच दिवसांत रंगते. ओल्या खेळपट्टीवर टिकेल तो फलंदाज, असा येथला हिशेब.

मी आपला कडेला उभा राहून पाहत होतो. इतक्यात मित्रामित्रांच्या एका सामन्यातला पोरगा धावत आला.

"काका, आमचा एक गडी कमी आहे. उभे राहता का?"

नाव-गाव, वय, कशाचीच चौकशी नाही! विजार दुमडून मी सीमेवर उभा राहिलो. थोड्या वेळाने एक उंच झेल आला, हातात बसला आणि साबणाच्या वडीसारखा निसटला. आता बोलणी खावी लागणार! पण तो पोरगा म्हणाला,

"असू द्या, काका. चेंडू ओला आहे."

मी वरमलो. गणितात गुण कमी पडले म्हणून चिरंजीवांची बॅट मीच माळ्यावर टाकली होती. त्याचा चेंडू ओला होता की काय, हे विचारलेच नव्हते.

घरी पोचताच शिडी मागितली.

"आल्या आल्या शिडी कशाला?" सौभाग्यवतींनी विचारले.

म्हटले, "एक झेल सुटलाय. बघतो, पुन्हा घेता येतो का."