लालबागेतील गोगलगायी

बंगळूरचा पाऊस मुंबईच्या पावसासारखा आडदांड नाही. दुपारी ढग जमतात, सायंकाळी दोन घटका सर येते आणि सकाळी लालबागेतील वाटा धुतल्यासारख्या स्वच्छ दिसतात. हैदर अलीने 1760 मध्ये वसविलेल्या या बागेत प्रवासी येतात ते काचगृह पाहावयास, किंवा तीन अब्ज वर्षे वयाच्या खडकावर चढून केम्पेगौडाचा मनोरा पाहावयास. आम्ही मात्र ऑगस्टातील एका सकाळी तेथे गेलो ते गोगलगायींची छायाचित्रे घ्यावयास. सोबत अकरा वर्षांचा नातू होता. त्याच्या आईवडिलांची नोकरी या शहरात, आणि घरची शेती लातूर जिल्ह्यात.

गोगलगाय हळू चालते, तेव्हा तिचे छायाचित्र घेणे सोपे, असा आमचा समज होता. तो पाच मिनिटांत गेला. कॅमेरा उंचावरून धरला की नुसता शंख दिसतो, प्राणी दिसतच नाही. त्यासाठी ओल्या पाचोळ्यात कोपरे टेकून पालथे पडावे लागते. आमच्या वयाला हे शोभत नव्हते, पण इलाज नव्हता. अंगावर सावली पडताच ती लांब शिंगे आत ओढून घेते, आणि त्याच शिंगांच्या टोकांशी तिचे डोळे! श्वास रोखून थांबले, की मोज्याचे उलटे झालेले बोट सुलटे व्हावे तशी ती पुन्हा उलगडत बाहेर येतात. नातवाने एकीच्या वाटेत काचेचा तुकडा ठेवला आणि ती वर चढल्यावर खालून पाहिले. पायाच्या तळव्यावरून मागून पुढे लाटा सरकत होत्या. 'गोगलगाय आणि पोटात पाय' ही म्हण आपण साळसूद लबाडास लावतो. शास्त्रानेही या प्राणिवर्गास उदरपाद असेच नाव दिले आहे.

चपट्या, फिकट शंखाची देशी गोगलगाय दगडाच्या सांदीत एकच सापडली. बाकी साऱ्या निमुळत्या, तपकिरी पट्ट्यांच्या, मुठीएवढ्या: आफ्रिकेतील राक्षसी गोगलगायी. शंखांचे अभ्यासक विल्यम बेन्सन यांनी 1847 मध्ये मॉरिशसहून आणलेल्या या गोगलगायी कलकत्त्यात चौरंगीच्या एका बागेत सुटल्या. एक मादी आणि एक नर असा भेद त्यांच्यात नाही; प्रत्येक गोगलगाय अंडी घालू शकते, तीही एका वेळी शंभराच्या वर.

नातवाने डबा उघडला. एक गोगलगाय गावी न्यायची, आजीला दाखवायची, असा त्याचा बेत होता. आम्हांस 2022 चा खरीप आठवला. लातूर, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत त्या वर्षी गोगलगायींनी सोयाबीनचे कोवळे अंकुर रातोरात फस्त केले. आमच्याच शेतात दुबार पेरणी झाली. गुळाच्या पाण्यात भिजविलेली गोणपाटे सांजेला बांधावर टाकायची, पहाटे त्यांखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात बुडवायच्या, हा क्रम कित्येक दिवस चालला. हातमोजे अशासाठी की त्यांच्या अंगी माणसाच्या मेंदूस अपाय करणारा सूक्ष्म जंत असू शकतो.

हे सारे त्याला सांगितले. त्याने डबा मिटला, मग विचारले, "आजोबा, मग हिला इथे तरी सोडायची का?"

आम्ही कॅमेऱ्याची काच पुसत राहिलो. तेवढ्यात ती गोगलगाय काचेवरून उतरून कर्दळीच्या पानाखाली गेली होती.