आगरातलं इंग्रजी

2000 सालच्या जूनपासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं. प्रा. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीत भेटलेलं. त्यामुळे खाडीकाठच्या लोकांना वाटलं, चला, आपली पोरं आता मागं राहायची नाहीत. पुढे आमच्या हायस्कुलात आठवीपासून सेमी सुरू झालं. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. तिथं गाडं अडलं.

आमच्याकडं घरोघरी आगरी बोली. पाणी म्हणजे ‘पानी’, जाळं म्हणजे ‘जालं’. पुस्तकातली मराठीच पोरांना पाहुणी, त्यात हे इंग्रजी.

मी विज्ञान शिकवायचो. एका वर्षी मिठागरावर राबणाऱ्या घरची मुलगी आठवीत होती. ‘इव्हॅपोरेशन’ची व्याख्या तोंडपाठ, स्पेलिंग बिनचूक, अर्थ विचारला की मान खाली. दोन चाचण्यांत ती नापास झाली, तसा बाप शाळेत आला. म्हणाला, “मास्तर, आठवीनंतर नाय पाठवत. आगरान हात कमी परतान.”

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक मिटलं. तिला विचारलं, “आगरात मीठ कसं पिकतं गो? घरी बोलतेस तसंच सांग.”

ती बोलायला लागली. उधाणाचं पाणी आत कसं घेतात, उथळ वाफ्यांत कसं पसरतात, ऊन-वाऱ्यानं ते दाट कसं होतं, सगळं. शेवटी म्हणाली, “पानी उरून जातं, मीठ खाली रातं.”

मी फळ्यावर ओळीनं लिहिलं: पानी उरून जातं, बाष्पीभवन, इव्हॅपोरेशन. खाली दुसरी ओळ: मीठ रातं, स्फटिकीभवन, क्रिस्टलायझेशन.

पोरीला गोष्ट माझ्याहून जास्त ठाऊक होती. नव्हता तो फक्त शब्द. आणि आम्ही शब्दाची परीक्षा घेऊन डोक्याला गुण देत होतो.

मग तीच रीत पडली. होडी का तरंगते, भरती रोज पाऊण-एक तास उशिरा का येते, हे आधी बोलीत, मग मराठीत, शेवटी इंग्रजीत. ‘वॉटर गोज, सॉल्ट स्टेज’ एवढं मोडकं वाक्यही मी आधी बरोबर धरायचो. व्याकरण मागून सुधारायचं.

बापाला मी तिची वही दाखवली. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनंच वाचून, आगरीत सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं.

दहावीला ती पहिली-बिहिली आली नाही. पास झाली, आणि एस.टी.नं पेणला अकरावीला जाऊ लागली.